जवाईबुवांचा हवेतला हार

आमच्या वऱ्हाडात जवायाला नाही म्हणायची सोय नाही. जवाई जेवताना नुसतं म्हणाला, की भाजी जरा तिखट झाली, तर सासरा पातेलं उचलून गोठ्यात नेईल आणि नवी फोडणी पडेपर्यंत सगळ्यांना ताटावर ताटकळत ठेवेल. नांदगाव खंडेश्वरचे नत्थुजी तर या बाबतीत सगळ्या तालुक्याच्या पुढे. त्यांना आचल ही एकुलती एक पोरगी. म्हणजे जन्मात एकच जवाई मिळणार, आणि सगळी हौस त्याच्या एकट्यावरच फेडायची.

सगळं सुरू झालं ते साक्षगंधाच्या दिवशी. नवरदेव किशोर अकोल्याचा. तिथे त्याचं फवारणीच्या पंपांचं दुकान. आंगठ्या झाल्या, हार घालायची वेळ आली, आणि रीतीप्रमाणे त्याच्या दोस्तांनी त्याला खांद्यावर उचलला. आता नवरी टाचा उंचावेल, उड्या मारेल, आणि आपण दात काढू, असा त्यांचा बेत. पण आचल अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने उड्याबिड्या मारल्या नाहीत. ती दोन पावलं मागे सरली, हार हातात तोलून पाहिला आणि फेकला. तो थेट किशोरच्या गळ्यात जाऊन बसला. इकडच्या पोट्ट्यांनी शिट्ट्या मारमारून कार्यालय डोक्यावर घेतलं.

किशोरचा चेहरा लाल झाला. आता खांद्यावर बसलेला माणूस काहीतरी बोलणारच ना. तो म्हणाला, "हे तं काईच नाई! लग्नात पाहा. मी हवेतून उडत येतो अन् वरूनच हार टाकतो!"

दोस्त हसले. इकडचेही हसणारच होते, तेवढ्यात पेढ्याचं ताट घेऊन उभे असलेले नत्थुजी कमरेत वाकून म्हणाले, "टाका ना जवाईबुवा. काई हरकत नाई."

झालं. हसू जिथल्या तिथे थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींनी अकोल्याला फोन लावला. "जवाईबुवा, ते हवेतल्या हाराचं कसं कराचं मंग?" तिकडे दुकानात एक पंप खाली पडल्याचा आवाज आला. मग किशोर म्हणाला, "करू ना बाबा. तुमी म्हनता तं करू."

चार दिवसांत फुरकान नावाचा माणूस सापडला. हा अकोल्याचाच. त्याच्याकडे पॅरामोटर होती. म्हणजे तीन चाकांवर दोन खुर्च्या, मागे हा एवढा पंखा, आणि वर दोऱ्यांना बांधलेला कापडाचा पंख. वावरात शंभर पावलं धावते आणि उडते. जत्रेत, मिरवणुकीत फुरकान वरून फुलं टाकायचा. तो स्पष्ट बोलला, "फुलं टाकनं सोपं हाये. कोनावर बी पडली तरी लोक टाळ्याच वाजवतेत. पन एकाच गळ्यात हार टाका, असं मले आजवर कोनी म्हटलं नाई."

"होईन का पन?" नत्थुजींनी विचारलं.

"अल्ला जाने," फुरकान म्हणाला. "परवानगीचं मी पाहतो."

आचल आधी हसली. मग तिला राग आला. तिने किशोरला फोनवर विचारलं, "खरंच करनार हाये तुमी हे?"

"तुह्ये बाबा म्हनून राह्यले ना, काई हरकत नाई," तो म्हणाला.

हे त्याने असं सपाट सांगितलं, की आचलला वाटलं, हा हट्टाला पेटला. फोन ठेवला आणि ती आईजवळ गेली. "आई, मी त्याईले सांगतो, हे असलं काई नको म्हनून."

लीलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं माय! लग्नाआधीच नाई म्हनशीन, तं जलमभर तोंडाळ म्हनतीन तुले. गप बैस."

आचल गप बसली. म्हणजे नाही म्हणाली नाही. त्याऐवजी ती प्रश्न विचारू लागली. तिला वाटलं, चार प्रश्न नीट विचारले तर कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडेल. वर्गात पडतो कधीकधी. पण वर्गातली पोरं निदान परीक्षेला घाबरतात. इथे सगळे जवायाला घाबरत होते.

तिने विचारलं, "मंडपाले छत असलं तं वरून हार येईन कसा?" संध्याकाळपर्यंत नत्थुजींनी मंडपवाल्या रऊफभाईंना सांगून टाकलं, की छत मधून मोकळं ठेवा.

रऊफभाई कळवळले. "नत्थूभाऊ, एप्रिल महिना हाये! पाहुने पापडावानी वाळतीन."

"वाळू द्या. जवायाचा शब्द हाये."

तिने विचारलं, "भर उन्हात उडता येते का?" फुरकान म्हणाला, नाही, दहानंतर वावरातून गरम हवा वर उठते, वावटळी येतात, मी सकाळी साडेसातपर्यंतच उडतो. मुहूर्त होता अकरा सदतीसचा. आचल मनात म्हणाली, चला, सुटलो. तिसऱ्या दिवशी नत्थुजी गुरुजींकडून सहा पन्नासचा मुहूर्त काढून घेऊन आले, आणि पत्रिका नव्याने छापायलाही टाकून आले. जुन्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. नव्याही वाटल्या.

"बाबा, पहाटे पाहुने कसे येतीन?"

"आदल्या दिवशी येतीन. काई हरकत नाई."

बाप्पा! त्या 'हरकत नाई'ने आचलचं डोकं उठलं. एक दिवस रऊफभाई अंगणात मंडपाची मापं घेत होते. आचलच्या बारशापासून या घरचा प्रत्येक मंडप त्यांनीच घातलेला, त्यामुळे त्यांच्याशी ती मनातलं बोलायची. ती टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली आणि म्हणाली, "चाचा, हार पडो का न पडो, मले त्याचं काई नाई. पन ज्या मानसाले एवढा बावळटपना दिसत नाई, अन् ज्याले कोनी टोकू शकत नाई, त्याच्यासंगं मी जलम कसा काढू?"

रऊफभाईंनी टेप खाली ठेवला. "तं सांग ना बापाले."

"तुमी सांगा."

"मी? नत्थूभाऊच्या जवायाले नाई म्हनू? माफ कर बेटा, मले या गावात अजून मंडप घालाचे हायेत."

आचल मग शांतपणे म्हणाली, "एक तालीम घेऊ. वावरात, खोटी नवरी उभी करून. डोळ्यानं पाहू द्या त्याईले. ते पाहून बी जर ते म्हनले का, करू, तं मी आंगठी परत करतो. लगन नाई."

रऊफभाई बघतच राहिले. लग्नाला आठ दिवस होते. पण पोरगी थट्टा करत नव्हती, हे त्यांना तिच्या डोळ्यांत दिसलं.

तालमीला अर्थातच कोणाची हरकत नव्हती.

गहू निघाल्यामुळे नत्थुजींचं वावर मोकळं पडलं होतं. रऊफभाईंनी मधोमध बल्ल्या आणि फळ्यांचा दहा फुटी मंच उभा केला. त्यावर नवरी. धड कडब्याचं, अंगावर लीलाबाईंचं जुनं हिरवं लुगडं, आणि डोकं म्हणून मडकं. मडक्यावर रऊफभाईंच्या पोराने नाक-डोळे काढले होते आणि लीलाबाईंनी अगत्याने कुंकू लावलं होतं. तीन फेऱ्यांसाठी हार तीन, झेंडूचे, ओले, चांगले दोन-दोन किलोचे. पडताना मिटू नयेत म्हणून रऊफभाईंनी ते बांबूच्या कांबीच्या कड्यांवर ओवले होते. सकाळचे सहा वाजले होते आणि अर्धं नांदगाव बांधावर दातून चघळत बसलं होतं.

किशोर आला. फुरकानने त्याला खुर्चीत बसवून पट्टे आवळले. आचल जवळ गेली. तो तिच्याकडे बघून हसला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिला ते दिसलं, आणि तिने मनात म्हटलं, ऐटीत आहे, कळेल आता.

पंखा घरघरला. गाडी धावली आणि उडाली. बांधावरून एकच ओरडा झाला. वर गेल्यावर ती सुंदर दिसली, हे आचललाही कबूल करावं लागलं.

पहिली फेरी. सगळ्यांनी आपल्या बुद्धीने ठरवलेलं, की नवरी बरोबर खाली आली की हार सोडायचा. फुरकान 'सोडा' म्हणाला आणि किशोरने तसाच सोडला. हार नवरीला ओलांडून थेट पलीकडच्या बांधावर बोरीच्या झाडात जाऊन अडकला.

"छान!" नत्थुजी म्हणाले.

दुसरी फेरी. किशोरने घाबरून फार आधी सोडला, तोही तिरका. नत्थुजी मंचाच्या अलीकडे हात जोडून, वर तोंड करून उभे होते. हार मंचाच्या बल्लीला थडकला, जोर गमावून मागे उसळला आणि त्यांच्याच गळ्यात येऊन पडला. टोपी उडाली. बांधावर लोक पोट धरून लोळले. कोणीतरी ओरडलं, "नत्थूभाऊ, मंगलाष्टकं म्हना आता!" पण नत्थुजींनी हार काढला नाही. जवाईबुवांनी घातलेला हार काढायचा कसा? ते तसेच हार घालून उभे राहिले.

आता खरं म्हणजे आचलने तोंडावर पदर घेऊन खुशाल हसायचं होतं. तिला हेच हवं होतं. दोन नेम चुकले, तिसराही चुकला असता, आणि किशोरला दिसलं असतं. पण राजेहो, खोड मोठी वाईट. बारा वर्षं जिने फळ्यावर विमानातून पोती टाकली, तिला चुकीचं उत्तर डोळ्यांसमोर कसं सहन होणार? तिचे हात शिवशिवू लागले. 'अहो, गाडीचा वेग हाराला पण असतो ना! पाच मीटर पडायला एक सेकंद, तेवढ्यात तो अकरा मीटर पुढे जाणार. आधीच सोडा की!' हे ती पुटपुटली, आणि मग तिला राहवलंच नाही. तिने सहा पन्नासच्या नव्या पत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले. रऊफभाईंकडून चुना मागून घेतला, मंचाच्या अलीकडे पावलं मोजून रेघ मारली, आणि रेघेपाशी पांढरा रुमाल घेऊन उभी राहिली. फुरकानच्या कानातल्या फोनवर ओरडली, "सांगा त्याईले, रुमाल खाली आला का सोडा!"

रऊफभाई तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "बेटा, तू हे लगन मोडून राह्यली का लावून राह्यली?"

"थांबा हो चाचा!"

तिसरी फेरी. गाडी आली. किशोरला हात हलवायला जो उशीर लागतो, तोही तिने धरला होता. रुमाल खाली आला. हार सुटला. हवेत तो सुरेख आडवा राहिला, खाली येत राहिला, पुढे येत राहिला, आणि बरोबर नवरीच्या गळ्यात पडला.

एक क्षण कोणाचा विश्वास बसला नाही. हवेतून हार घालता येतो! झालं, सिद्ध झालं! आचलने आनंदाने मूठसुद्धा आवळली.

आणि मग त्या दोन किलोच्या हाराने, गाडीचा सगळा वेग अंगात घेऊन, नवरीचं मुंडकं उडवलं. मडकं मंचावरून भिरभिरत गेलं आणि काळ्या मातीतल्या एकुलत्या एका दगडावर आपटून फुटलं. कुंकवाची खापरी आचलच्या पायाशी आली.

हार कुठे पडेल, हे तिने काढलं होतं. पडल्यावर मानेचं काय होईल, हे काढलंच नव्हतं. वर्गातल्या पोत्याला मान नसते.

बांधावर टाळ्यांचा कडकडाट झाला. मडकं फुटल्याचं कोणाला काहीच नाही, नेम लागला ना! आणि नत्थुजी, गळ्यात तो दुसऱ्या फेरीचा हार, डोळ्यांत पाणी, म्हणाले, "वा जवाईबुवा! जमलं! थोडी नवरी हालली, पन काई हरकत नाई. लग्नाच्या दिवशी नवरीले खांबाले बांधून घेऊ."

"बाबा!"

आचल एवढ्या मोठ्याने ओरडली, की बांधावरचं दातून तोंडातच राहिलं. गाडी नुकतीच उतरून थांबत होती. आचल वावर तुडवत सरळ तिथे गेली. खापरी हातात होती. पट्टे सोडत बसलेल्या किशोरपुढे तिने ती धरली.

"हे पाहा. हे माह्यं डोकं. मी हे करनार नाई. नेम लागला तरी करनार नाई. मले हे आधीच सांगाचं होतं, पन मी भ्यालो. आता सांगतो. नाई. अन् तुमी तरी बी करतोच म्हनान, तं ही आंगठी घ्या."

नत्थुजी हातवारे करत धावत येत होते, "जवाईबुवा, लेकरू हाये, मनावर घेऊ नका..."

किशोर गाडीतून उतरला. म्हणजे उतरायला गेला आणि तिथेच मातीत बसला. मग तो म्हणाला, "एवढे दिवस कावून नाई म्हटलं हे?"

"म्हनजे?"

"अवं, मी साक्षगंधात गंमत केली होती! तू सगळ्याईसमोर माह्यी फजिती केली, म्हनून तोंडातून निंघालं. तुह्या बाबानं 'काई हरकत नाई' म्हटलं. मले वाटलं, ते बी गंमतच करून राह्यले. सकाळी त्याईचाच फोन! मंग छत उघडं केलं. मंग मुहूर्त बदलला. मंग पत्रिका. आता मी कोन्या तोंडानं नाई म्हनू? सासरा एवढं करून राह्यला अन् जवाई माघार घेते, म्हनजे त्याईचा अपमानच ना? मी तं रोज वाट पाहत होतो, का कोनीतरी नाई म्हना राजेहो. निदान तू म्हनशीन म्हनून. तू तं प्रश्नच विचारून राह्यली! अन् आज तं रुमालच घेऊन उभी! मले निंबाच्या झाडावर चढता येत नाई, आचल. वर डोळेच उघडले नाई मी. फक्त रुमालासाठी उघडले."

त्या पांढऱ्या ओठांचा अर्थ आचलला आता लागला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात ती रोज सांगते, चूक दिसली तर हात वर करा, घाबरू नका. आणि स्वतः तीन आठवडे हात खाली घालून बसली होती, या माणसावर चिडत. तिलाही नाही म्हणता आलं नव्हतं, त्यालाही नाही.

ती त्याच्याशेजारी ढेकळांत बसली. तिला हसू यायला लागलं, आणि मग डोळ्यांतून पाणी. दोन्ही एकदमच चाललं होतं.

"आंगठी ठेवू का बोटात?" तिने विचारलं.

"ठेव ना," तो म्हणाला. "पन एक सांगतो. यापुढं मी काई बी बोललो, तं हरकत घेत जा. लगेच घेत जा."

नत्थुजी दोघांसमोर येऊन उभे होते. त्यांना एवढंच कळलं होतं, की जवाईबुवा जमिनीवर बसलेत आणि आपण सतरंजी आणली नाही. ते वळून ओरडले, "अरे, कोनी सतरंजी आना!"

लग्न झालं. छत रऊफभाईंनी परत शिवलं, आणि शिवताना मनातल्या मनात दहादा शुक्रिया म्हटलं. मुहूर्त पुन्हा अकरा सदतीसवर गेला, पण दुसऱ्या पत्रिका परत कशा घेणार? त्यामुळे निम्मे पाहुणे पहाटे सहालाच हजर झाले आणि आलूपोह्यावर तुटून पडले. फुरकान सुटाबुटात, जमिनीवरून, मोटरसायकलने आला.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, आणि किशोरच्या दोस्तांना कुठला दम निघायला? त्यांनी रीतीप्रमाणे त्याला उचलला. तो वरून ओरडला, "अरे, नको! खाली ठेवा!" पण नवरदेव असं म्हणणारच, असं समजून त्यांनी आणखी उंच धरला.

आचल हार घेऊन उभी होती. तिला मागे सरून नेम धरता आला असता. ती सरली नाही. "खाली ठेवा त्याईले," ती म्हणाली.

दोस्त थबकले. मुलाकडची माणसं, त्यांनी मुलीच्या बापाकडे बघितलं. सगळा मंडप नत्थुजींकडे बघू लागला. नत्थुजी कमरेत वाकले, हात जोडले. "काई हर..." एवढं त्यांच्या तोंडून गेलं, आणि ते थांबले. त्यांनी पोरीकडे बघितलं. तिच्या मानेकडे बघितलं. त्या सकाळी घरी गेल्यावर खांबाची गोष्ट आठवून ते माजघरात एकटेच रडले होते, हे फक्त लीलाबाईंना ठाऊक होतं.

नत्थुजी सरळ झाले. आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "खाली ठेवा जवाईबुवाले. माह्यी पोरगी म्हनून राह्यली ना."

दोस्तांनी किशोरला अलगद खाली ठेवला. त्याने मान पुढे केली. आचलने हार घातला, दोन्ही हातांनी, सावकाश, फेटा सांभाळून.

मंडपाच्या खांबाला टेकून उभे असलेले रऊफभाई टाळ्या वाजवत ओरडले, "मडकं शाबूत हाये, राजेहो!"